नक्षी आणि साध्या

खांबनं फेकलेला बूट लोखंडी कपाटावर आदळला आणि कपडे बदलायच्या खोलीत बोलणाऱ्या सगळ्या गप्प झाल्या. खांब म्हणजे व्हॉलीबॉल संघातली सर्वांत उंच मुलगी. जाळ्यापाशी हात वर करून उभी राहिली की पलीकडच्या मुलींना आभाळ दिसायचं नाही, म्हणून हे नाव. एरवी मुंगीलासुद्धा वाट देणारी. पण सलग चौथा सामना हातचा गेला होता, तिचा गुडघा टम्म सुजला होता, आणि त्या गुडघ्याला हात लावायला आता कुणी नव्हतं.

"बर्फ तरी आहे का?" तिनं विचारलं.

"बर्फ आहे, बांधायला फडकं नाही," घोरपड म्हणाली. ही मागच्या फळीत जमिनीला चिकटून खेळणारी, पडता चेंडू उचलणारी. तिच्या दोन्ही कोपरांना कायम खपल्या.

"माझ्याकडे पट्टी आहे," कोपऱ्यातून छोटी म्हणाली.

घोरपडनं स्वतःचा टॉवेल काढला, बर्फ त्यात गुंडाळला आणि खांबच्या गुडघ्यावर धरला. छोटीनं पुढे केलेली पट्टी थोडा वेळ तशीच हातात धरली आणि मग पिशवीत परत ठेवली.

ताई हे सगळं मान खाली घालून बघत होती. बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोडवायचं काम तिनं मुद्दाम लांबवलं होतं. अख्खा संघ तिला ताई म्हणत असला तरी ती खरी ताई एकीचीच, छोटीची. संघाची कप्तान तीच, आणि लिफ्टरही तीच. लिफ्टरनं चेंडू अलगद उचलून स्मॅशरच्या हाताच्या टप्प्यात द्यायचा. मारते स्मॅशर, टाळ्याही तिलाच. लिफ्टरचं नाव लोकांच्या तोंडी येतं ते चेंडू वाईट गेला तरच. वर्षानुवर्षं ताईचं नाव फारसं कुणाच्या तोंडी आलं नव्हतं, आणि याचा तिला अभिमान होता.

हंगामाच्या सुरुवातीला संघ नव्या मालकानं घेतला. त्यांचा टाइल्सचा कारखाना. पहिल्याच बैठकीत त्यांनी मोकळेपणानं सांगितलं होतं की आपल्याला खेळातलं फार कळत नाही, पण फरशीतलं कळतं. "मोठ्या दिवाणखान्यात मधोमध एक नक्षीची टाइल बसवायची. चांगली महागडी. बाजूनं सगळ्या साध्या. आत येणाऱ्याची नजर नक्षीवर जाते आणि साध्यांमध्ये खर्च भागतो." मग त्यांनी संघाच्या स्मॅशरला, छोटीला, उभं केलं आणि तिच्या कराराचा आकडा वार्ताहरांसमोर मोठ्यानं सांगितला. ताईनं आठ वर्षांत कमावलं नव्हतं तेवढं छोटीला त्या एका हंगामाचं मिळणार होतं. टाळ्या पडल्या. ताईनंही वाजवल्या. सगळ्यांत जोरात तिनंच वाजवल्या असतील.

त्या दिवसापासून पोरी छोटीला नक्षी म्हणू लागल्या आणि स्वतःला साध्या. "साध्यांनो, बस आली." "साध्यांनो, गरम पाणी संपलं." आधी ती थट्टा होती, छोटीही हसायची. मग बाकीच्यांच्या भत्त्याला कात्री लागली. फिजिओबाईंना नारळ मिळाला. बाहेरगावी एका खोलीत दोघींच्या जागी चौघी झोपू लागल्या, आणि छोटीला, करारातच तसं म्हटलेलं म्हणून, स्वतंत्र खोली. मग हसणं गेलं आणि नाव तेवढं उरलं.

"येऊ का आत?" दारातून आवाज आला तेव्हा मालक आत येऊन उभेच होते. त्यांच्यामागे प्रशिक्षक, खिशात हात घालून.

मालक रागावले नव्हते. ते कधीच रागावत नसत. ताईला वाटायचं, रागावले असते तर निदान उलटून बोलता आलं असतं.

"ताई, चेंडू छोटीकडे जास्त जाऊ द्या की. एवढी मोलाची वस्तू आणून ती कोपऱ्यात ठेवली तर कसं चालेल?"

"आज सगळ्यांत जास्त चेंडू मी तिलाच दिलेत, सर."

"मग पलीकडे पडले का नाहीत?"

खोलीतल्या सगळ्या नजरा कोपऱ्याकडे वळल्या. छोटी उजवा खांदा डाव्या हातानं चोळत होती. तिनं हात खाली घेतला.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

मालकांनी मान डोलावली, सगळ्यांना "विश्रांती घ्या" म्हटलं आणि ते गेले. दार लागल्यावर खांब हलक्या आवाजात म्हणाली, "वस्तूला वाचा फुटली बाई." दोघी-तिघी फिस्सकन हसल्या. ताईनं कप्तान म्हणून, आणि बहीण म्हणूनही, काहीतरी बोलायला हवं होतं. ती राहिलेली चिकटपट्टी दातांनी तोडत बसली.

* * *

आईच्या कानात आता मशीन होतं.

त्या मशीनसाठी ताई दीड वर्ष पैसे बाजूला टाकत होती. छोटीच्या कराराचा पहिला हप्ता आला त्याच दुपारी छोटी आईला घेऊन दुकानात गेली आणि संध्याकाळी आई मशीन घालून घरी आली. तेव्हापासून आईला सगळं ऐकू येत होतं. शेजारच्यांचं भांडण, नळाचं ठिबकणं, आणि ताई चपला काढताना सोडते तो सुस्कारासुद्धा.

"हरलात?"

"हं."

"छोटीचा फोन आला होता. म्हणाली, ताईला आवडीचं काहीतरी कर, दमून येईल."

"तिला म्हणावं, स्वतः किती दमलीस ते बघ जरा." ताईनं पिशवी खुर्चीवर आपटली. "एकटी राहते, खोलीत एकटी झोपते, कुणाशी बोलत नाही. पोरींचं काय चुकलं? त्यांच्या ताटातलं काढून हिच्या ताटात वाढलंय."

"तिनं मागितलं होतं का?"

"नको तरी म्हणाली का?"

आई चादरीची घडी घालत होती. चादरीचं दुसरं टोक तिनं नेहमीच्या सवयीनं ताईकडे दिलं. दोघींनी ती ताणून धरली. ताईला एकाएकी घरामागची कपडे वाळत घालायची दोरी आठवली. तिच्यावरूनच दोघी चेंडू खेळायच्या. ओल्या चादरी मातीत पडायच्या आणि आई लाटणं घेऊन धावायची. तेव्हा ताईही स्मॅश मारायची, आणि चांगला मारायची. पण छोटी एका उन्हाळ्यात सरसर वाढली, ताईच्या डोक्यावरून बघू लागली. घरात दोन मारणाऱ्या असून काय कामाच्या, कुणीतरी चेंडू द्यायला हवा, असं म्हणून ताईनं मारणं सोडलं आणि ती द्यायला शिकली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. म्हणून आता कुणाला बोलही लावता येत नव्हता.

"दोघींना मी सगळं सारखं दिलं," आई म्हणाली. "एकाच कापडाचे दोन झगे शिवायची मी."

"आई, तू मालक नाहीस आमची."

"ते बरंच आहे म्हणायचं." आईनं घडी पूर्ण केली आणि तिच्याकडे नीट बघितलं. "एक विचारू? तुझा आवाज आधीपासून असाच होता का गं? मला इतकी वर्षं नीट ऐकूच आला नाही ना, म्हणून विचारते."

"असा म्हणजे कसा?"

"चिडल्यासारखा."

ताईनं दुसरी चादर उचलली आणि एकटीनंच, हात लांब करून, तिची वेडीवाकडी घडी घातली.

* * *

पुढच्या सामन्यात छोटीचा खांदा गेला.

दुसरा डाव चालू होता. घोरपडनं चेंडू छान उचलला, ताईनं तो छोटीकडे दिला, छोटी उडाली. हवेतच तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. खाली आली ती खांदा धरूनच. चेंडू जाळ्याला लागून त्यांच्याच बाजूला पडला आणि समोरच्यांनी जल्लोष केला. छोटी रडली नाही. बाहेर जाताना ती खांबला "सॉरी" म्हणाली. खांबनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण मग उरलेला सगळा डाव ती गुमसुम खेळली.

दवाखान्यात छोटीबरोबर ताई गेली. संघाचं माणूस म्हणून जायला फिजिओबाई नव्हत्याच. डॉक्टरबाई चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी छोटीचा हात हळूहळू वर नेला, मागे नेला, पुढून दाबून बघितला. मग खांद्याच्या एमआरआयचं चित्र बघितलं.

"तू खूप उंच उडतेस ना? मी बघितलंय तुला टीव्हीवर."

"हो."

"मग हे इथं कसं?" त्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट टेकवलं. छोटीनं ओठ दाबले. "हात सरळ ताणून डोक्यावरून मारणाऱ्याचं इथं दुखत नाही. इथं दुखतं कोपर वाकवून, खांदा आत ओढून मारणाऱ्याचं. माणूस वर असतो आणि चेंडू खाली असतो, तेव्हा असं होतं. चेंडू तुला खाली मिळतो का?"

ताई खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती.

"नाही," छोटी म्हणाली. तिनं वळून बघितलं नाही. "चेंडू बरोबर असतो. मीच उशिरा उडते."

"केव्हापासून?"

"या हंगामापासून."

डॉक्टरबाईंनी ते टिपून घेतलं.

छोटी आयुष्यात उशिरा उडाली नव्हती. शाळेला उशीर, जेवायला उशीर, लग्नकार्याला तर सगळं आटोपल्यावर. पण उडी नाही. ताईच्या बोटांना चेंडू लागायच्या आधी तिचे पाय जमीन सोडायचे. डोळे मिटूनही ताईला कळायचं, आता ही वर आहे. आताही कळत होतं. या हंगामातल्या एकेका सामन्यात ती वर होती. मग खाली काय होतं?

ताईनं आपले हात मांडीवर पालथे ठेवले. तिला काही ठाऊक नव्हतं असं नाही. तिनं तिकडे बघितलं नव्हतं, इतकंच. चेंडू हातातून सुटताना मनगटाला कसलासा आळस यायचा, अगदी शेवटच्या क्षणी, आणि तो फक्त डावीकडे, छोटीच्या बाजूला देताना. चार बोटांचा फरक. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसणार? चेंडू गेला, बाईनं मारला, चुकला.

परत येताना गाडीत दोघी मागच्या सीटवर बसल्या होत्या. छोटीचा हात झोळीत होता.

"आईला एवढ्यात सांगू नकोस," छोटी म्हणाली.

"बरं."

"आणि फोनवर कुजबुजू नकोस. तिला आता सगळं ऐकू येतं."

एरवी दोघी हसल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये गेली. जाळं एकटीनं बांधलं, चेंडूंची टोपली ओढत आणली आणि एकेक चेंडू द्यायला लागली. मधे, खांबच्या जागी. मागे. मग डावीकडे, छोटीच्या जागी. तिथं कुणीच नव्हतं आणि चेंडू मात्र छोटीची उडी जिथं संपते अगदी तिथं जाऊन क्षणभर थांबल्यासारखा व्हायचा आणि मग खाली यायचा. पुन्हा दिला, पुन्हा तसाच. टोपली रिकामी झाली. एकही चेंडू खाली गेला नाही. ताईला हे बघून हायसं वाटायला हवं होतं. तिनं शेवटचा चेंडू भिंतीवर असा मारला की झाडूवाली दारातून डोकावली.

* * *

छोटी घरी बसली आणि संघ जिंकू लागला.

पहिला विजय नशिबाचा म्हणता आला असता. दुसऱ्याला तसं म्हणता येईना. चेंडू आता चौघींकडे फिरत होता आणि समोरच्यांना अंदाज येत नव्हता. घोरपड एका चेंडूमागे सरपटत थेट पंचांच्या खुर्चीखाली गेली आणि चेंडू जिवंत ठेवूनच बाहेर आली. खांब सुजल्या गुडघ्यानं उड्या मारत होती. एकीचं चुकलं तर दुसरी पाठीवर थाप मारत होती. तिसरा सामना जिंकल्यावर न्हाणीघरात कुणीतरी गाणं म्हणायला लागलं आणि सगळ्यांनी त्यात बेसूर सूर मिसळला. असं गाणं त्या हंगामात पहिल्यांदाच ऐकू आलं.

ताई हॉलमध्ये चेंडू गोळा करत थांबली होती. घोरपड ओले केस झटकत मदतीला आली.

"तू नाही आलीस गायला?"

"एक विचारायचंय. खरं सांगशील?"

"विचार."

"मी तिला खाली देत होते का?"

घोरपडनं हातातल्या चेंडूत हवा आहे की नाही ते अंगठ्यानं दाबून बघितलं. हवा होती. तरी पुन्हा दाबलं.

"मी मागे उभी असते, ताई. मला सगळ्यांच्या पाठी दिसतात."

"म्हणजे देत होते."

"आम्हाला वाटलं, तुला माहीत आहे."

"मग बोललं का नाही कुणी?"

घोरपडनं ओले केस मागे सारले. मग म्हणाली, "खोटं कशाला बोलू? बरं वाटायचं." आणि ताईचा चेहरा बघून तिनं घाईघाईनं भर घातली, "तेव्हा बरं वाटायचं. फिजिओबाई गेल्या तेव्हा आम्ही तुझ्याकडे बघत होतो. तू कप्तान. तू जाऊन मालकांशी भांडशील असं वाटलं होतं. तू नाही बोललीस. मग तुझे हात बघितले तेव्हा वाटलं, असेल, हीच हिची भांडायची पद्धत असेल."

"मी बोलले असते तर लोक म्हणाले असते, बहिणीवर जळते."

"हो, म्हणाले असते," घोरपड म्हणाली. तिनं चेंडू टोपलीत टाकला. "तेवढंच झालं असतं ना?"

* * *

मालकांच्या कार्यालयात एका भिंतीवर टाइल्सचे नमुने लावलेले होते. ताईला त्यांनी त्या भिंतीसमोरच्या खुर्चीवर बसवलं. बाजूला प्रशिक्षक होते. समोर गरम चहा आला.

"ताई, माझं चुकलं होतं," मालक म्हणाले, आणि ताईला एवढा धक्का बसला की कप हातात तसाच राहिला. "मी फरशीचा हिशेब माणसांना लावला. तुम्ही पोरींनी मला शिकवलंत. एकीला डोक्यावर घेतलं की बाकीच्यांचं मन मरतं. पुढच्या हंगामापासून सगळ्यांचा पगार जवळपास सारखा. फिजिओबाईंना बोलावणं धाडलंय."

हेच तर ती हंगामभर मनात घोकत होती. अगदी याच शब्दांत.

"चांगलं आहे, सर."

"आता एकच. छोटीचा करार तीन हंगामांचा आहे. खेळताना दुखापत झाली तर तो मला मोडता येत नाही, पूर्ण पैसे द्यावे लागतात. पण दुखापतीच्या आधीच खेळ घसरला होता असं प्रशिक्षक आणि कप्तान दोघांचं म्हणणं असेल, तर मोडता येतो. प्रशिक्षकांनी त्यांचं म्हणणं दिलंय. आणि ते पैसे कुठं जाणार? तुमच्यातच वाटले जाणार."

प्रशिक्षक चष्मा पुसत होते.

"तिचा खेळ घसरला नव्हता," ताई म्हणाली.

"आकडे तर तसंच सांगतात."

"मी तिला चेंडू खाली देत होते. हंगामभर. फक्त तिला." एवढं बोलून तिला वाटलं, आता काहीतरी कोसळेल. टेबलावरचा पंखा फिरत राहिला. "खांदा त्यानंच गेलाय. तिचं काही चुकलं नाही."

मालकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं, आणि ते इतकं प्रेमळ होतं की ताईच्या अंगाची लाहीलाही झाली.

"पाठची बहीण आहे. तुम्ही असं म्हणणार हे मला माहीतच होतं."

"सर, मी खरं सांगतेय."

"मलाही बहीण आहे, ताई. तिच्यासाठी मीसुद्धा अंगावर घेतलं असतं."

"तुम्ही सांगा ना यांना!" ती प्रशिक्षकांकडे वळली. "तुम्ही रोज बघत होतात. तुम्हाला दिसलं नाही?"

प्रशिक्षकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "चेंडू चुकला की नाही ते मला दिसतं," ते म्हणाले. "कुणाच्या मनात काय होतं, ते मी कसं सांगणार?"

"मनातलं नाही विचारत मी. हातातलं विचारते!"

तिचा आवाज चढला होता. दाराबाहेरचा कारकून वाकून बघून गेला. मालकांनी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. रोज मनात रचलेली सगळी वाक्यं तिला आठवली. वाटप चुकीचं होतं, पोरींचा अपमान झाला होता, हे सगळं खरंच होतं. आणि तिनं चार बोटं खाली दिलं हेही खरं होतं. पहिलं तिनं तेव्हा सांगितलं नाही, आणि दुसरं आता ऐकायला कुणी तयार नव्हतं. हवं होतं तेच समोर आलं होतं, आणि घशाखाली उतरत नव्हतं.

"माझं म्हणणं मी दिलं," ती उठली. "दुसरं काही मी देणार नाही."

"विचार करा," मालक म्हणाले. "घाई नाही."

तिनं विचार केला नाही आणि सहीही केली नाही. पण त्यानं फार काही अडलं नाही. मालकांचे वकील आणि छोटी यांच्यात परस्परच बोलणं झालं. निम्मे पैसे घेऊन छोटीनं करार सोडला. लांबच्या एका गावातला संघ तिला घ्यायला तयार होता, खांदा बरा झाला तर, आणि पगार बेताचा. फिजिओबाई परत आल्या. खांबचा गुडघा त्यांनी हातात घेतला तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. पोरींनी ताईला खांद्यावर घेऊन हॉलभर मिरवलं, कारण कुणीतरी बातमी पसरवली होती की ताई मालकांशी भांडली आणि सगळ्यांचे पगार वाढले. ताईनं "अगं, तसं नाही" म्हणून बघितलं. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

* * *

छोटी राहती जागा सोडणार त्या दिवशी दुपारी ताई सामान बांधायला गेली. आई खाली टेम्पोवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होती. तिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत येत होता. खोक्यांना दोऱ्या बांधून झाल्या. रिकाम्या खोलीत एक खुर्ची उरली होती, ती घरमालकाची.

छोटी त्या खुर्चीवर बसली. उजवा हात अजून झोळीत होता.

"केस बांधून देतेस? एका हातानं जमत नाही."

ताई तिच्यामागे उभी राहिली. कंगवा घेतला. बरेच दिवस नीट विंचरले नसावेत, खाली गुंता झाला होता. ती टोकाकडून हळूहळू सोडवायला लागली. छोटीचा चेहरा भिंतीकडे होता, हे बरं होतं.

"मी सांगितलं मालकांना," ताई म्हणाली. "त्यांना वाटलं, तुला वाचवायला खोटं बोलते."

"कळलं मला. वकील सांगत होते, तुमच्या बहिणीचा भारी जीव आहे तुमच्यावर."

कंगव्यात एक गाठ अडकली. ताईनं ती बोटांनी सोडवली.

"डॉक्टरबाईंना तू खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तुला काढलं असतं." छोटीच्या आवाजात उपकाराचा लवलेश नव्हता. दुधाचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. "मला दुसरीकडे घेतात. या वयाच्या लिफ्टरला कोण घेतं?"

"मला तरी सांगायचंस."

"तू कबूल केलं असतंस?"

खाली आईनं टेम्पोवाल्याला काहीतरी सुनावलं. तो हसला असावा.

"मग तू उडी कमी करायचीस," ताई म्हणाली. आवाज पुन्हा चिडका निघाला. आता ती कुणावर चिडली होती हे तिचं तिलाही कळेना. "चेंडू खाली येतोय हे कळत होतं ना? एक वेळ, दोन वेळ, मग कळतंच. थोडी खाली राहून मारायचंस. एवढं कळत नाही? खांदा वाचला असता."

"प्रशिक्षक सरही तेच म्हणायचे."

"मग?"

छोटीनं डाव्या हातानं झोळीची गाठ चाचपली.

"दर वेळी वाटायचं," ती म्हणाली, "हा वर येईल."

ताईच्या हातातला कंगवा थांबला. खाली टेम्पोचा भोंगा वाजला, मग आणखी एकदा, लांबलचक.

"घट्ट बांध," छोटी म्हणाली. "लांबचा रस्ता आहे."

ताईनं अर्धवट गोळा केलेले केस सोडून दिले, आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेतले.